दुसऱ्या बॅटरीचा आधार देऊनही मोटार सुरू होत नाही तेव्हा

घाटाच्या पायथ्याशी, रुग्णालयाच्या आवारात किंवा एखाद्या मंगल कार्यालयाबाहेर उभी असलेली मोटार ऐनवेळी सुरू होत नाही, हा प्रसंग वाहनधारकांना नवा नाही. ‘बॅटरी उतरली’ असे निदान जमलेल्यांपैकी कोणीतरी तत्काळ करतो. दुसरी मोटार शेजारी आणली जाते, दोन्ही बॅटऱ्या जंपर केबलने जोडल्या जातात, किल्ली फिरवली जाते. आणि तरीही इंजिन हलत नाही. येथून पुढे जे घडते ते बहुधा अंदाजाने घडते. किल्ली पुन्हा पुन्हा फिरवली जाते, केबलची टोके बदलून पाहिली जातात, मोटार ढकलली जाते आणि अखेरीस नवी बॅटरी विकत आणली जाते. ती बसवूनही मोटार मुकीच राहिली, म्हणजे मग मूळ कारणाचा शोध सुरू होतो.

वास्तविक दुसऱ्या बॅटरीचा आधार देऊनही मोटार सुरू झाली नाही, तर तो प्रयत्न वाया गेला असे समजण्याचे कारण नाही. ती एक चाचणीच झाली असे मानावे. सशक्त बॅटरी शेजारी असूनही स्टार्टर फिरला नाही, तर वीज वाटेत कोठेतरी अडते आहे किंवा स्टार्टरमध्ये व इंजिनात दोष आहे. स्टार्टर जोमाने फिरला आणि इंजिन पेटले नाही, तर बॅटरीचा विषयच संपला. दोष इंधनाकडे किंवा ठिणगीकडे शोधला पाहिजे. एवढा भेद लक्षात आला तरी पुष्कळसा खर्च आणि मनस्ताप टळू शकतो. ज्या गावात एकच जीप आहे आणि प्रसूतीसाठी स्त्रीला तालुक्याच्या रुग्णालयात त्याच जीपमधून न्यावयाचे आहे, तेथे तर प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.

स्टार्टरला किती वीज लागते?

मोटारीचे इंजिन आपण होऊन सुरू होऊ शकत नाही. त्याला प्रथम कोणीतरी फिरवावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम मोटारीपुढे उभे राहून लोखंडी हँडलने करावे लागे, आणि हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचा धोका सदैव असे. अमेरिकेतील अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी १९११ मध्ये विजेचा स्टार्टर सिद्ध केला व १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो बसवण्यात आला. त्याला वीज पुरवणारी शिसे-आम्ल बॅटरी मात्र त्याहून जुनी. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी ती १८५९ मध्येच तयार केली होती.

आजच्या मोटारीतील बॅटरीतही तत्त्व तेच आहे. तिच्यात सहा घट असतात. प्रत्येक घटात शिसे आणि शिशाचे डायऑक्साइड यांच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. एका घटाचा विद्युत्‌दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भारित बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्ट म्हणजे सुमारे निम्मा भार उरला आणि १२ च्या खाली आकडा गेला म्हणजे ती जवळजवळ रिकामी झाली, असे समजावे. येथे केवळ अर्ध्या-पाऊण व्होल्टचा फरक आहे. ‘मीटर बारा दाखवतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा गॅरेजात वारंवार ऐकू येणारा निर्वाळा म्हणूनच फसवा ठरतो.

आता स्टार्टरची मागणी पाहू. हेडलाइटचा ६० वॉटचा एक दिवा सुमारे ५ अँपिअर प्रवाह घेतो. लहान पेट्रोल मोटारीचा स्टार्टर इंजिन फिरवताना १०० ते २०० अँपिअर घेतो. डिझेल इंजिनाचा त्याहूनही अधिक. १५० अँपिअर धरले, तर स्टार्टर फिरवणे हे हेडलाइटचे तीस दिवे एकदम पेटवण्यासारखे आहे. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या एका तुलनेत आहे.

जोडणी करताना

प्रथम सुरक्षिततेविषयी लिहिणे अवश्य आहे, कारण या कामात डोळे गमावण्याची भीती असते. बॅटरी भारित होत असताना तिच्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू बाहेर पडतात. हे मिश्रण एका ठिणगीने स्फोट पावते आणि फुटलेल्या कवचातून गंधकाम्ल तोंडावर उडते. म्हणून बॅटरीवर वाकून काडी पेटवून पाहणे किंवा जवळ विडी ओढणे हे सर्वथा वर्ज्य मानावे. केबलचा शेवटचा चिमटा लावताना ठिणगी हमखास उडते. ती बॅटरीपासून दूर उडावी यासाठीच जोडणीचा क्रम ठरलेला आहे. लाल केबल प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. त्यानंतर काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि अखेर तिचे दुसरे टोक बंद मोटारीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या जाड धातूच्या भागाला, बॅटरीपासून अंतर राखून लावावे. काढताना हाच क्रम उलटा घ्यावा. आम्ल अंगावर उडालेच तर तो भाग भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावा आणि डोळ्यांत गेल्यास धुण्यानंतर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

हा शेवटचा चिमटा कोठे लावला, यावरही पुष्कळदा यशापयश अवलंबून असते. रंगवलेल्या पत्र्यावर, गंजलेल्या खिळीवर किंवा तेलकट कंसावर तो लावला, तर दिसायला जोडणी पुरी होते, परंतु प्रवाह जात नाही. चिमटा हलवून, घासून, दुसऱ्या जागी लावून पाहावा. किती तरी वेळा मोटार एवढ्यावरच सुरू होते.

महामार्गावर मदतीला धावून येणारे पहिले वाहन अनेकदा मालट्रक असते, म्हणून एक इशारा स्वतंत्रपणे द्यावासा वाटतो. बहुतेक जड ट्रक व एस. टी. बसगाड्या यांची विद्युत्‌रचना २४ व्होल्टची असते. त्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या असतात. मोटारीची रचना १२ व्होल्टची. अशा ट्रकची वीज सरळ मोटारीला जोडली, तर मोटारीतील संगणकीय नियंत्रक, दिवे आणि इतर उपकरणे क्षणार्धात निकामी होऊ शकतात. चालकाची मदत करण्याची इच्छा कितीही प्रामाणिक असली, तरी दोन्ही बॅटऱ्यांवरील आकडा पाहिल्याखेरीज केबल लावू देऊ नये. बॅटरीवर चालणाऱ्या किंवा संकरित मोटारींतही १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असते. पण ती स्टार्टर फिरवण्यासाठी नसते. तिच्यावरून दुसऱ्या मोटारीला आधार देऊ नये, असे अशा पुष्कळ मोटारींच्या पुस्तिकेतच बजावलेले असते.

धन-ऋण यांची अदलाबदल झाली, तरीही परिणाम गंभीर होतो. मुख्य फ्यूज वितळतो, अल्टरनेटरमधील डायोड जळतात. आधी कोणी घाईत उलटी जोडणी करून पाहिली असेल आणि नंतर सुलट जोडणी करूनही मोटारीत दिवासुद्धा लागत नसेल, तर बॅटरीलगतचा मुख्य फ्यूज प्रथम तपासावा.

केबलच अपुरी असेल तर

बाजारात स्वस्त मिळणाऱ्या जंपर केबलवर रबराचे आवरण जाडजूड असते आणि आत तांबे मात्र बेताचेच असते. यामुळे काय होते ते थोडक्या गणिताने समजेल. समजा, प्रत्येकी अडीच मीटर लांबीच्या दोन केबल आहेत. म्हणजे विजेला जाऊन येऊन पाच मीटर तांब्यातून प्रवास करावयाचा आहे. तांब्याच्या तारेचा छेद ४ चौरस मिलिमीटर असेल, तर या वाटेचा रोध सुमारे ०.०२१ ओहम होतो. १५० अँपिअर प्रवाह त्यातून जाताना ३.२ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. साडेबारांपैकी सव्वातीन व्होल्ट केबलने खाल्ल्यावर स्टार्टरने फिरावे कसे? छेद १६ चौरस मिलिमीटर असेल, तर हीच तूट ०.८ व्होल्टवर येते. पेट्रोल मोटारीसाठी निदान १६ आणि डिझेल मोटारीसाठी २५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची केबल घ्यावी, हे म्हणूनच सांगितले जाते. विकत घेताना आवरणाची जाडी पाहण्यापेक्षा कापलेल्या टोकातील तांबे पाहावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही सर्रास विकली जाते.

केबल बारीक असली तरी सर्वस्वी निरुपयोगी नसते. जोडणी करून दुसऱ्या मोटारीचे इंजिन किंचित वाढीव वेगाने पाच-दहा मिनिटे चालू ठेवले, तर उतरलेल्या बॅटरीत थोडा भार साठतो आणि मग दोन्ही बॅटऱ्या मिळून स्टार्टरचा बोजा उचलतात. घाईत हा थोडा वेळ कोणी थांबत नाही. केबल हाताला चटका बसेल इतकी तापली, तर मात्र प्रयत्न थांबवावा. किल्लीही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक फिरवून धरू नये आणि दोन प्रयत्नांत मिनिटभर अंतर ठेवावे. अन्यथा स्टार्टरची वेटोळी जळण्याचा संभव असतो.

दिवे लखलखीत, स्टार्टर मुका

‘हेडलाइट तर झक्क लागतात, मग स्टार्टर का फिरत नाही?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि त्याचे उत्तर वर दिलेल्या तुलनेत आहे. बॅटरीच्या टोकावर पांढरट-हिरवट क्षार साचून त्या सांध्याचा रोध ०.०२ ओहम झाला, असे समजा. हेडलाइटच्या दोन दिव्यांचा १० अँपिअर प्रवाह त्यातून जाताना केवळ ०.२ व्होल्ट कमी होतात. दिव्यांच्या उजेडात फरकही जाणवत नाही. त्याच सांध्यातून स्टार्टरचे १५० अँपिअर जाऊ लागताच ३ व्होल्ट नाहीसे होतात. दोष तोच, सांधा तोच. मात्र लहान मागणीला तो दिसत नाही आणि मोठ्या मागणीला तो पुरता आड येतो. शेजारी दहा नव्या बॅटऱ्या आणून ठेवल्या, तरी असा सांधा मध्ये असेपर्यंत त्यांचा पुरेसा उपयोग होणार नाही.

आपल्या राज्यात या दोषाला हवामानाची साथ आहे. कोकणपट्टीत खाऱ्या दमट हवेने टोके लवकर गंजतात. विदर्भातील कडक उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी झपाट्याने कमी होते आणि आतील पट्ट्यांची झीज वाढते. उन्हाळ्यात अशी दुबळी झालेली बॅटरी प्रत्यक्ष दगा देते ती पुष्कळदा थंडीत. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबरच्या पहाटे इंजिनातील तेल घट्ट झालेले असते, स्टार्टरची मागणी वाढते आणि मे महिन्यातील दुखणे तेव्हा उघडकीस येते.

सांधा तपासण्याची साधी रीत अशी. किल्ली काढून टोकांवरील पट्टे हाताने फिरवून पाहावेत. हाताने हलणारा पट्टा सैल आहे असेच समजावे. पट्टा काढताना प्रथम ऋण टोक सोडावे आणि बसवताना ते शेवटी बसवावे, म्हणजे पान्याचा स्पर्श चुकून मोटारीच्या पत्र्याला झाला तरी ठिणगी उडत नाही. क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावेत. हे पाणी घटांच्या झाकणांतून आत मात्र जाऊ देऊ नये. नंतर टोक व पट्ट्याची आतील बाजू बारीक पॉलिश कागदाने चकचकीत करावी, पट्टा घट्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हलका लेप द्यावा. जेली आधी लावून पट्टा नंतर बसवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. पण धातूला धातू भिडला पाहिजे, हे ध्यानात ठेवावे.

व्होल्टमीटर जवळ असेल तर काम अधिक नेमके होते. एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशावर व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवावी. त्या क्षणी मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक दाखवले, तर परतीची वाट सदोष आहे. धन बाजूला हीच परीक्षा बॅटरीचे टोक व स्टार्टरवरील जाड केबलचा खिळा यांच्या दरम्यान घ्यावी.

परतीच्या वाटेकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. स्टार्टरमधून गेलेली वीज इंजिनाच्या धातूतून, तेथून सांगाड्याला जोडणाऱ्या तांब्याच्या वेणीसारख्या पट्ट्यातून बॅटरीकडे परतते. हा पट्टा इंजिनाखाली चिखलपाण्यात लोंबत असतो. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या एका जुन्या जीपला वर्षभरात दोन नव्या बॅटऱ्या आणि एक स्टार्टर बसवण्यात आला होता. दोष निघाला तो या पट्ट्यात. त्याच्या तारा कुजून चार-दोनच उरल्या होत्या. किल्ली फिरवली की ॲक्सिलरेटरची लोखंडी तार तापत असे. परतीसाठी दुसरी वाट न मिळाल्याने वीज त्या तारेतून जात होती, आणि ही खूण कोणी वाचली नव्हती.

याची परीक्षा रस्त्यावरही करता येते. काळ्या जंपर केबलचे एक टोक आपल्याच बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरे इंजिनाच्या धातूला लावावे. एवढ्याने स्टार्टर फिरला, तर पट्टा बदलावा. बॅटरीला हात लावण्याचे कारण नाही.

आवाज काय सांगतो?

जोडण्या ठीक असतील, तर आता कान देऊन ऐकावे. किल्ली फिरवताच ‘टक्‌-टक्‌-टक्‌’ असा जलद आवाज येत असेल, तर स्टार्टरवरील सोलेनॉइड लागतो आहे, पण प्रवाह सुरू होताच दाब कोसळून तो सुटतो आहे. ही दुबळ्या बॅटरीची, बारीक केबलची किंवा खराब सांध्याची खूण होय. एकच दणदणीत ‘टक्‌’ येऊन सर्व शांत झाले, तर स्टार्टरचे कार्बन ब्रश झिजले असावेत, सोलेनॉइडचे संपर्क जळले असावेत किंवा स्टार्टरचे दातेरी चाक इंजिनाच्या चाकात अडकले असावे. हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत किल्ली बंद ठेवून वरचा गिअर टाकावा आणि मोटार हाताने थोडी मागे-पुढे हलवावी. अडकलेले चाक यामुळे सुटू शकते. शिवाय इंजिन मोकळे आहे की जाम झाले आहे हेही कळते. गिअर पुन्हा न्यूट्रलमध्ये आणून, हातब्रेक लावून स्टार्टरच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोके देत किल्ली फिरवल्यास झिजलेले ब्रश कधी कधी एखाद्या फेरीपुरते साथ देतात. हा उपाय घर गाठण्यापुरता समजावा.

काहीच आवाज येत नसेल, तर हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले, तर मोठा प्रवाह वाहू पाहतो आहे, पण बॅटरी किंवा सांधा तो पुरवू शकत नाही, अथवा स्टार्टर वा इंजिन जाम आहे. दिवे मुळीच मंदावले नाहीत, तर स्टार्टरपर्यंत हुकूमच पोहोचलेला नाही. अशा वेळी किल्लीचा स्विच, स्टार्टरचा रिले, त्याचा फ्यूज तपासावा. स्वयंचलित गिअरच्या मोटारीत दांडा ‘पार्क’ वा ‘न्यूट्रल’वर नसेल, तर स्टार्टर चालतच नाही, आणि अनेक नव्या मोटारींत क्लच पूर्ण दाबावा लागतो. पायाखालची जाड चटई सरकून क्लच पुरता दाबला जात नाही, एवढ्या क्षुल्लक कारणानेही मोटार अडते.

इंजिन फिरते, पण पेटत नाही

स्टार्टर जोमाने फिरत असेल तर केबल काढून ठेवण्यास हरकत नाही. पेट्रोल आहे ना, हे पाहून किल्ली पहिल्या टप्प्यावर आणावी. इंधन पुरवठ्याचा पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो आवाज आला नाही, तर पंपाचा फ्यूज वा रिले पाहावा. काही मोटारींत धक्का बसल्यावर पंप आपोआप बंद करणारा स्विच असतो. खड्ड्याच्या मोठ्या धक्क्यानेही तो उडू शकतो. समोरच्या फलकावर किल्लीचे वा कुलुपाचे चित्र लुकलुकत असेल, तर चोरीप्रतिबंधक यंत्रणेने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली वापरून पाहावी. डिझेल टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली असेल, तर नळ्यांत हवा अडकते आणि ती हातपंपाने काढावी लागते. इंजिन नेहमीपेक्षा हलके व भरभर फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्यावी आणि पुढे प्रयत्न करू नये.

प्रयत्न मुळीच करू नये असा आणखी एक प्रसंग पावसाळ्यात येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत असंख्य मोटारी पाण्यात अडकल्या. साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन एकाएकी थांबले, तर हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले असण्याचा संभव असतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. किल्ली फिरवताच दट्ट्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टर एकदाच ‘धप्‌’ करून थांबला, तर पुष्कळांना बॅटरी उतरल्यासारखे वाटते व ते दुसऱ्या बॅटरीचा आधार देतात. हा आधारच इंजिनाचा घात करतो. अशी मोटार ओढून न्यावी, हवेची गाळणी उघडून पाहावी, आणि ती ओली असल्यास प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्याखेरीज इंजिन फिरवू देऊ नये.

ढकलून सुरू करण्याविषयी

कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या आणि अँबॅसडरच्या काळात चार माणसे मिळाली की बॅटरीची फारशी चिंता नसे. कार्ब्युरेटरला विजेची गरज नव्हती आणि ठिणगीपुरती वीज जवळजवळ रिकाम्या बॅटरीतही सापडत असे. आजच्या मोटारीत इंधन फवारणारे इंजेक्टर, पंप आणि नियंत्रक हे सर्व विजेवर चालतात. बॅटरी पूर्ण रिकामी असेल, तर कितीही ढकलले तरी उपयोग होत नाही. उलट न जळलेले पेट्रोल धुराड्यातील उत्प्रेरक यंत्रणेत जाऊन ती महागडी वस्तू बिघडते. सर्वसाधारण स्वयंचलित गिअरची मोटार तर ढकलून सुरू होतच नाही. उतारावर इंजिन बंद असताना ब्रेक व स्टिअरिंग जड होतात, ही गोष्ट घाटात विसरून चालणार नाही.

मोटार सुरू झाली तर

केबल काढल्यावर इंजिन चालू असताना व्होल्टमीटरने बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवले पाहिजेत. आकडा बारापाशीच घुटमळत असेल, तर अल्टरनेटर वा त्याचा पट्टा सदोष आहे आणि मोटार थोड्याच अंतरावर पुन्हा बंद पडेल. रुग्ण घेऊन निघावयाचे असल्यास हे आधीच पाहणे अगत्याचे आहे. डायनमोच्या जमान्यातील मिस्त्री इंजिन चालू ठेवून बॅटरीचा पट्टा काढून पाहत. ही परीक्षा आता करू नये. अचानक वाढलेल्या दाबाने नियंत्रक जळतात. नव्या काही मोटारींत भार पाहून दाब कमी-अधिक केला जातो, एवढे ध्यानात ठेवावे.

पाच-सहा किलोमीटरच्या फेरीने रिकामी बॅटरी भरत नाही. ती चार्जरवर रात्रभर लावावी आणि नंतर काही तास स्वस्थ ठेवून मोजावी. एवढे करूनही १०.५ व्होल्टच दाखवत असेल, तर सहापैकी एक घट आतून जोडला जाऊन निकामी झाला आहे. अशी बॅटरी आधार देणाऱ्या बॅटरीची वीजही गिळते; जोडणी सर्व ठीक असूनही मोटार सुरू न होण्याचे हे एक खरे कारण होय, आणि येथे मात्र नवी बॅटरी घेण्यावाचून गत्यंतर नाही. आकडा १२.६ असूनही स्टार्टर फिरताना तो ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी दुकानात भार देऊन तपासून घ्यावी. तोंडे उघडता येणाऱ्या बॅटरीत प्रत्येक घटाचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने पाहता येते. पाच घट सारखे आणि एक फारच खाली, असे दिसले की निकाल लागला.

बॅटरी चांगली आणि अल्टरनेटरही चांगला, तरी दर काही दिवसांनी मोटार मुकी होते, अशी तक्रार असेल, तर किल्ली बंद असतानाही वीज कोठेतरी झिरपत असते. घड्याळ, चोरीप्रतिबंधक यंत्रणा यांच्यासाठी ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह क्षम्य मानतात. तेवढा प्रवाहही ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी करतो. २०२० च्या टाळेबंदीत उभ्या राहिलेल्या मोटारींना याचा अनुभव आला. याहून अधिक प्रवाह आढळल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजबरोबर प्रवाह एकदम घटतो, त्याच्या वाटेवर दोष असतो. मागाहून बसवलेला टेप, अलार्म वा सामानाच्या कप्प्यातील न विझणारा दिवा, यांपासून शोधाला आरंभ करावा.

बदललेली जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. शिसे व आम्ल उघड्यावर गाळणाऱ्या भट्ट्यांतून मुलांच्या रक्तात शिसे उतरते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे द्यावी. तिच्यातील शिशापोटी किमतीत सूटही मिळते.